पळताना पाणी नक्की किती प्यायचं? (लाँग रन करून आल्यावर वजन वाढतंय!)

रानजाई

नमस्कार मंडळी, जुने धागे चाळले पण नेमकं हे कुठे सापडलं नाही म्हणून नवीन काढतेय, आधी चर्चा झाली असेल तर लिंक द्या प्लीज.

मी ठाण्यात राहते, वय 41, वजन 58 च्या आसपास. जानेवारीत मुंबईची हाफ मॅरेथॉन (21 किमी) आहे, पहिलीच. पेस एकदम कासवछाप, किलोमीटरला सव्वाआठ-साडेआठ मिनिटं, म्हणजे हाफला तीनेक तास धरून चाललेय. दर रविवारी ग्रुपबरोबर लाँग रन असतो, उपवनवरून येऊरचा चढ नाहीतर मग घोडबंदरचा सर्व्हिस रोड.

तर ग्रुपमधे जे दादा आम्हाला ट्रेन करतात त्यांचा नियम असा की घड्याळात दर 20 मिनिटांचा अलार्म लावायचा आणि तो वाजला की 250 मिली पाणी प्यायचं, तहान असो वा नसो, कारण "तहान लागली म्हणजे उशीर झाला". शिवाय पहाटे उठल्यावर अर्धा-पाऊण लिटर वेगळं. मी आपली इमानदारीत सगळं करते. गेल्या रविवारी 18 किमी झाले, अडीच तास लागले, आणि घरी आले तर अंगठी बोटातून निघेना, घड्याळाचा पट्टा रुतलेला, डोकं जड आणि नुसती मळमळ. दुपारभर पडून होते. ग्रुपवर विचारलं तर एकमुखाने उत्तर आलं, डिहायड्रेशन, अजून पाणी पी.

पण गंमत म्हणजे त्या दिवशी सहज वजन केलं होतं. निघताना 58.1 आणि आल्यावर 58.9! नवरा म्हणतो काटा बिघडलाय. घाम गाळून वजन वाढतं का कुणाचं? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

लिंबूटिंबू

रुमाल टाकून ठेवतो. मी पण नवीनच आहे, 5 किमी पळतो आणि दोन लिटरची बाटली हातात घेऊन पळतो, लोक हसतात 😀

टेकडीवाला

वजन वाढणं शक्यच नाही, काटा बघ आधी. बाकी तुझे दादा बरोबर सांगतायत. मी पुण्यात वेताळ टेकडीला गेली बरीच वर्षं पळतोय, आमच्याकडे सगळे हेच पाळतात. रात्रीच लिटरभर पिऊन झोपायचं, सकाळी अर्धा लिटर, मग पळताना दर दोन किमीला घोट घोट. लघवी पाण्यासारखी स्वच्छ झाली पाहिजे, पिवळी दिसली की समजायचं टाकी रिकामी आहे. डोकं दुखणं हे क्लासिक डिहायड्रेशन आहे, यात शंका घेण्यासारखं काही नाही.

वऱ्हाडी_ठेचा

टेकडीवाले भाऊ, तुमच्या पुण्याच्या हवेत लिटरभर रात्री पिऊन झोपता अन् मग रात्रभर उठता किती वेळा ते पण सांगा ना 😂

आमच्या नागपुरात मामला वेगळाच आहे. मार्च संपला की सहा वाजताच ऊन चटके देते. हवा इतकी कोरडी की घाम दिसतच नाही, अंगावर येते अन् उडून जाते, माणसाला वाटते मला तर घामच नाही आला. घरी येऊन टोपी काढली की पांढऱ्या मिठाच्या रेघा. मी अंबाझरीच्या बाजूने पळतो, उन्हाळ्यात दीड तासाच्या रनमधे माझं दीड-पावणेदोन किलो वजन उतरते, पाणी पिऊनही. म्हणून रानजाईताईचं वाढलं हे वाचून मलाही नवल वाटून राहिलं. काटा दुसरा घेऊन बघा एकदा.

दवाखाना_बंद

काटा ठीक असावा. टेकडीवाला, तू हे "शक्यच नाही" म्हणालास ना, तिथेच सगळी गोची आहे.

जरा लांबण लागेल. (मी डॉक्टर आहे, स्वतः पळतो, पण इथे बसून निदान करत नाहीये हे आधीच सांगतो.)

रानजाई, तुझाच हिशोब मांडू. दर 20 मिनिटाला 250 म्हणजे तासाला 750. अडीच तासात जवळपास 1.9 लिटर. संपल्यावर पण ग्रुपमधे बाटली फिरते ना, ती अर्धा लिटर धर. झाले 2.4. तुझं वजन 800 ग्रॅमने वाढलं, म्हणजे 2.4 मधलं फक्त 1.6 लिटर घामातून गेलं आणि बाकीचं अंगात राहिलं. म्हणजे घाम तासाला साधारण साडेसहाशे मिली, त्यातही मधे केळं-बिळं खाल्लं असेल आणि कपडे घामाने ओले असतील तर थोडं इकडेतिकडे होईल, पण तुझ्या वजनाला आणि पेसला हा आकडा अगदी पटण्यासारखा आहे. दादांचा नियम त्यापेक्षा जास्त ओततोय, त्यात निघण्याआधीचं पाऊण लिटर वेगळंच.

मग ते पाणी लघवीवाटे का जात नाही? कारण लांब पळताना शरीर एक हार्मोन सोडतं, एडीएच, जे किडनीला सांगतं की पाणी धरून ठेव. एरवी घरी बसून लिटरभर प्यायलं तर तासाभरात बाहेर. पळताना तसं होत नाही. ते पाणी रक्तात राहतं आणि रक्तातलं सोडियम पातळ होतं. सोडियम नॉर्मल लिटरमागे 135 ते 145 मिलिमोल असतं, 135 च्या खाली गेलं की हायपोनेट्रेमिया. सुजलेली बोटं, रुतणारा पट्टा, मळमळ, डोकं जड, आणि या सगळ्याबरोबर वाढलेलं वजन, ही याचीच लक्षणं असू शकतात. त्यात कुणी "अजून पाणी पी" म्हटलं तर आगीत तेल.

हे माझ्या मनाचं नाही. 2002 च्या बॉस्टन मॅरेथॉनमधे 488 लोकांचं रक्त शेवटी तपासलं होतं, त्यातल्या 13 टक्के लोकांचं सोडियम कमी निघालं. 2005 मधे ते न्यू इंग्लंड जर्नल या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. त्यात कोण जास्त सापडले? ज्यांचं वजन पळताना वाढलं ते, आणि ज्यांना चार तासांपेक्षा जास्त लागले ते. म्हणजे हळू पळणारे, ज्यांना प्यायला वेळ भरपूर आणि घाम बेताचा. पुढे पळणाऱ्याला हा धोका जवळपास नसतोच, त्याला प्यायला फुरसत कुठे असते.

आणि हे गमतीवारी नेऊ नका. सौम्य असेल तर पाणी थांबवलं, काहीतरी खारं खाल्लं की तासा-दोन तासात लघवी होऊन माणूस ताळ्यावर येतो. पण उलट्या, बरळणं, ओळख न पटणं, झटके, असं काही झालं तर थेट हॉस्पिटल, कारण मेंदूला सूज येते आणि त्यात माणसं दगावलेली आहेत. तिथे गेल्यावर पहिलं वाक्य हे सांगायचं, "लांब पळून आलाय, पाणी खूप प्यायलाय, सलाईन लावायच्या आधी सोडियम बघा".

लिंबूटिंबू

बापरे. दोन लिटरची बाटली आजपासून बंद.

टेकडीवाला

डॉक, आदर आहे पण हे बॉस्टनचं झालं, तिथे थंडी असते. आपल्याकडच्या उकाड्यात लोक पाणी कमी पिऊनच पडतात. "पाणी जास्त पिऊ नका" असं सांगून उद्या कुणी उन्हात आडवा झाला तर? आणि तहानेवर सोडायचं तर मग एवढे सायंटिस्ट, एवढे स्पोर्ट्स ड्रिंकवाले काय उगाच सांगतात?

दवाखाना_बंद

स्पोर्ट्स ड्रिंकवाले उगाच सांगत नाहीत, त्यांना ड्रिंक विकायचं असतं 😀

पण प्रश्न रास्त आहे. बघ, सल्ला स्वतःच किती वेळा बदललाय. पूर्वी पळताना पाणी प्यायचंच नाही असं होतं. मग 1965 मधे फ्लोरिडा विद्यापीठात तिथल्या फुटबॉल टीमसाठी गेटोरेड तयार झालं आणि हळूहळू काटा पार दुसऱ्या टोकाला गेला. 1996 मधे अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनने सांगितलं की जेवढा घाम जातो तेवढं सगळं भरून काढा, नाहीतर पोटाला झेपेल तेवढं प्या, तासाला 600 ते 1200 मिली. तुमच्या ग्रुपमधला 250 चा नियम हा त्याच काळातला आहे. त्याच संस्थेने 2007 मधे तो बदलला, तासाला 400 ते 800, तेही माणूस बघून, आणि स्पष्ट लिहिलं की वजन वाढेल एवढं पिऊ नका. दक्षिण आफ्रिकेतले डॉक्टर आणि संशोधक टिम नोक्स तर 1985 पासून ओरडत होते, त्यांच्याकडे कॉम्रेड्ससारख्या लांब रेसमधले असे पेशंट यायला लागले होते.

उकाड्याचं म्हणशील तर मान्य, आपल्याकडे घाम जास्त, म्हणून पाणीही जास्त लागणार. पण रानजाईचा आकडा ठाण्याच्याच हवेतला आहे ना? आणि उन्हात आडवा पडतो तो बऱ्याचदा उष्माघाताने पडतो, पाणी कमी झाल्याने नाही. शरीर 40 च्या वर तापलेलं, माणूस बरळतोय, तर त्याला पाणी पाजत बसायचं नसतं, आधी थंड करायचं, बर्फ, ओली फडकी, मिळेल ते, आणि सोबत अँब्युलन्स. पोटात पाणी भरलेलं असलं तरी उष्माघात होऊ शकतो, कारण उष्णता तयार होते ती पेसने. ऊन जास्त असेल तर पेस कमी करा, हे पाण्यापेक्षा जास्त कामाचं.

आणि तुझी ती स्वच्छ लघवी. फिकट पिवळी चालते रे. पाण्यासारखी पांढरी म्हणजे जास्त झालं.

वऱ्हाडी_ठेचा

डॉक्टरसाहेब, मग माझं काय? माझं तर दीड-पावणेदोन किलो उतरते. मी पण कमी करू का?

दवाखाना_बंद

नाही, तू उलटा. तुझं वजन किती? 75 धरू. दीड किलो म्हणजे 2 टक्के. तिथपर्यंत बहुतेकांना फार फरक पडत नाही, त्यापुढे गरमीत पेस पडायला लागतो, नाडी चढते. पावणेदोन उतरत असेल तर उन्हाळ्यात थोडं वाढव आणि त्यात मीठ टाक. तुझ्या टोपीवरच्या रेघा सांगतायत की तुझा घाम खारट आहे.

सगळ्यांना एकच आकडा देता येत नाही तो यामुळेच. कुणाला तासाला अर्धा लिटर घाम येतो, कुणाला दोन लिटर. इथिओपियाचा धावपटू हाइले गेब्रसेलासीने 2009 च्या दुबई मॅरेथॉनमधे वजनाच्या जवळपास 10 टक्के पाणी घालवलं आणि रेस जिंकली. म्हणून आपण तसं करायचं का, तर अजिबात नाही, पण 2 टक्क्याची रेघ काही लक्ष्मणरेषा नाही हे कळतं.

चिंगी

सगळे बाप्ये बोलतायत म्हणून एक मुद्दा राहूनच गेला, तो मी मांडते.

आमच्याकडे बायका जास्त पाणी पितात हा प्रॉब्लेमच नाही, उलट बायका पाणी पीतच नाहीत. का? कारण जायचं कुठे? मी डोंबिवलीहून रविवारी पहाटे निघते, पाच-सव्वापाचला रस्त्यावर एक पण शौचालय उघडं नसतं, असलं तर आत पाय ठेववत नाही. पुरुष झाडामागे जाऊन येतात, आम्ही काय करायचं? मग आदल्या संध्याकाळपासूनच हात आखडता घ्यायचा, सकाळी दोन घोट, आणि 15 किमी कोरड्याने पळायचं. ग्रुपमधल्या कितीतरी जणी हेच करतात पण मोठ्याने कुणी बोलत नाही. एका मैत्रिणीला यातूनच पुन्हा पुन्हा युरिन इन्फेक्शन व्हायचं.

आम्ही आता रूट ठरवतानाच बघतो, पेट्रोलपंप कुठे आहे, चोवीस तास चालणारं हॉस्पिटल कुठे आहे, कुणाचं घर वाटेत येतं. लूप छोटा ठेवतो, 5-5 किमीचा, म्हणजे दर फेरीला कुणाच्या तरी सोसायटीपाशी येतो. रूट मॅपवर लोक चढउतार टाकतात, वॉटर स्टेशन टाकतात, आम्ही टॉयलेट टाकतो. रेसच्या दिवशी फिरती टॉयलेट असतात पण रांग बघितलीत का? स्टार्टला त्या रांगेत अर्धा तास जातो.

रानजाई

चिंगी, अगदी अगदी! मला तर वाटायचं मी एकटीच असा विचार करते. येऊरला तर प्रश्नच नाही, जंगलात बिबट्या आधी की टॉयलेट आधी 😄

डॉक, मनापासून थँक्यू. नवऱ्याला वाचून दाखवलं, काटा निर्दोष सुटला. पण मग आता मी नक्की करू काय ते सांगा ना, आधी किती, मधे किती? चिंगीच्या मुद्द्यासकट.

दवाखाना_बंद

चिंगीचा मुद्दा सोन्यासारखा आहे आणि त्याला उत्तर पण आहे, ते म्हणजे वेळ.

निघायच्या तोंडावर पाऊण लिटर ढोसू नकोस, तेच पाणी तिसऱ्या किलोमीटरला बाहेर यायला बघतं. मार्गदर्शक आकडा असा आहे की चार तास आधी किलोमागे 5 ते 7 मिली, म्हणजे तुला 300 ते 400. पण पहाटे पाचच्या रनला चार तास आधी म्हणजे रात्री एक, कोण उठतंय. मग व्यवहार असा की आदल्या दिवशी नेहमीसारखं जेवण, नेहमीसारखं पाणी, रात्रीच्या जेवणात भात-आमटी-कोशिंबीर असं काहीतरी ज्यात पाणी आणि मीठ दोन्ही जातं. उठल्या उठल्या एक पेला, दोनशे-अडीचशे मिली. मग घरातलं आवरून, जाऊन येऊन, निघताना वाटलं तर दोन घोट. बास. तासाभरात जादाचं निघून जातं, तेही घरच्या बाथरूममधे.

पळताना तहान लागेल तेव्हा. अलार्म बंद कर. तुला तासाला 300 ते 500 च्या मधे कुठेतरी पुरेल असं माझं मत, पण मत बाजूला ठेव आणि दोन-तीन रविवार वजन करून बघ. निघताना लघवीला जाऊन, कमीत कमी कपड्यात. आल्यावर अंग पुसून, तशाच कमीत कमी कपड्यात, घामाने ओल्या नाही. मधे काय प्यायलीस ते बाटलीवर खूण करून. आधीचं वजन वजा नंतरचं, अधिक प्यायलेलं, भागिले तास. हा तुझा घाम. थंडीत वेगळा येईल, ऑक्टोबरच्या उकाड्यात वेगळा. तुला पाहिजे ते एवढंच की आल्यावर वजन थोडं कमी असावं, अर्धा-पाऊण किलो, जास्त कधीच नसावं.

निवृत्तनाथ

चर्चा वाचतो आहे. मी 67 चा. आमच्या शाळेत पीटीचे मास्तर शर्यतीत पाण्याच्या पिंपाजवळ छडी घेऊन उभे असत, पळताना पाणी प्यायलं की पोटात गोळा येतो म्हणून. आता घड्याळ पाणी पी म्हणून ओरडतं. एका जन्मात दोन्ही बघितलं.

मुंबईची मॅरेथॉन 2004 मधे सुरू झाली, त्यानंतर काही वर्षांनी मी लागलो. फुल मॅरेथॉनमधे पेडर रोडचा चढ पस्तीस किमीच्या पुढे येतो, तिथे त्या भागातले लोक बाल्कनीतून खाली उतरून संत्र्याच्या फोडी, बिस्किटं, चिक्की घेऊन उभे असतात. मीठ लावलेली संत्र्याची फोड तिथे जी लागते ती पुढे वर्षभर लागत नाही.

प्रश्न: मी बीपीची गोळी घेतो. मग मीठ-पाण्याचं मी काय करावं?

दवाखाना_बंद

काका, गोळी कुठली त्यावर आहे. लघवी वाढवणारी, म्हणजे थायाझाइड जातीची असेल तर तिनेच सोडियम कमी होऊ शकतं, अशा माणसाने पाणी बेतानेच प्यावं. आणि मीठ मनाने वाढवू नका. तुमच्या डॉक्टरांना "मी दोन-तीन तास पळतो" हे स्पष्ट सांगा, ते ऐकून बरेचदा गोळी बदलतात. तुमची गोळी इथे लिहू नका, त्यांनाच विचारा.

यात अजून एक जोडतो, सगळ्यांसाठी. रेसच्या सकाळी गुडघा दुखू नये म्हणून पेनकिलर घेऊन पळणारे बघतो मी. आयब्युप्रोफेन वगैरे. नका करू. पळताना किडनीकडे रक्त आधीच कमी जातं, त्यात ही गोळी, वर घाम. किडनीला मार बसू शकतो आणि सोडियम उतरायचा धोकाही वाढतो.

तळकोकणी

मिठाचा विषय निघाला म्हणून आलो. तुम्ही ते निळंहिरवं पाणी विकत घेता त्यापेक्षा आमचं कोकम आगळ वापरून बघा. आगळ म्हणजे अमृत कोकम नव्हे हां, अमृत कोकम म्हणजे साखरेचा पाक. आगळात साखर नसते, कोकमाचा रस मिठात मुरवलेला असतो. लिटरभर पाण्यात दोन-तीन चमचे आगळ आणि साखर घातली की झालं तयार. मी मालवणातून आणतो आणि वसईला पळतो. फक्त आंबट असतं, उपाशीपोटी काहींना सोसत नाही, म्हणून आधी सरावात पिऊन बघा, रेसच्या दिवशी पहिल्यांदा नको.

शहाळ्याचं काय डॉक? आमचे लोक शहाळं म्हणजे अमृत समजतात.

दवाखाना_बंद

शहाळं छान, पण पळून आल्यावर. त्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम कमी, आणि घामातून जातं ते मुख्यतः सोडियम.

आकडे देतो म्हणजे डोक्यात बसेल, सगळे लिटरमागे मिलिमोलमधे. रक्तात सोडियम 140. डब्ल्यूएचओच्या ओआरएसमधे (जुलाबात देतात ते मीठ-साखरेचं पाणी) 75. घामात माणसागणिक 20 ते 80. बाटलीबंद स्पोर्ट्स ड्रिंकमधे साधारण 20. साध्या पाण्यात जवळपास शून्य. आता यातून काय दिसतं? स्पोर्ट्स ड्रिंक पण रक्तापेक्षा कितीतरी पातळ आहे. म्हणजे "मी पाणी नाही, इलेक्ट्रोलाइट पितो" म्हणून अमाप प्यायलं तरी सोडियम उतरतंच. मीठ घातल्याने जादा पिण्याचा परवाना मिळत नाही.

घरी करायचं तर लिटरभर पाणी, पाव चमचा मीठ, पाच-सहा चमचे साखर, लिंबू. चमचा म्हणजे चहाचा, सपाट. जुलाबासाठी घरी करतात त्यात मीठ अर्धा चमचा असतं, पळायला पाव पुरतं. साखर चवीपुरती नाही बरं का, आतड्यात ग्लुकोज आणि सोडियम जोडीने आत जातात आणि पाणी त्यांच्या मागे. याच तत्त्वावर डॉ. दिलीप महालनाबीस यांनी 1971 च्या बांगलादेश युद्धाच्या वेळी बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याच्या लोकांना मीठ-साखरेचं पाणी पाजून वाचवलं, सलाईन संपलं होतं म्हणून. 2023 मधे त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं.

पाकीट आणायचं तर मागे डब्ल्यूएचओ फॉर्म्युला लिहिलाय का बघा. टेट्रापॅकमधली गोड सरबतं ओआरएस नावाने विकली जात होती, ऑक्टोबर 2025 मधे एफएसएसएआयने (सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरण) ते नाव वापरायला बंदी घातली, पण दुकानात मागताना अजून लोक तेच मागतात.

शिकागोकर

इकडची एक बाजू सांगतो, टेकडीवाला यांच्या बाजूने थोडंसं. 7 ऑक्टोबर 2007 ची शिकागो मॅरेथॉन, ऑक्टोबरात एरवी जॅकेट लागतं आणि त्या दिवशी पारा 31 च्या घरात. सुरुवातीच्या वॉटर स्टेशनवर पुढच्यांनी पाणी अंगावर ओतून ओतून संपवलं, मागून येणाऱ्या हळू लोकांना कोरडे टेबल. शेवटी रेस मधेच थांबवली. आता इथे रंगांचे झेंडे असतात, हिरवा, पिवळा, लाल, काळा, हवेप्रमाणे बदलतात, आणि लाल दिसला की शहाणा माणूस टायमिंगचा नाद सोडतो.

म्हणजे पाणी जास्त पिऊ नका ते ठीक, पण हळू पळणाऱ्याने फक्त आयोजकांच्या भरवशावर पण राहू नये. स्वतःची छोटी बाटली ठेवा. मुंबईत तरी पाणी मुबलक असतं असं ऐकलंय.

टेकडीवाला

चला, कुणीतरी माझ्या बाजूने बोललं 😀 डॉक, वजन करून बघितलं बरं का. टेकडीवर 14 किमी, 1 तास 25 मिनिटं, 700 मिली प्यायलो, 71.6 चे 71.4. म्हणजे घाम 900, तासाला 630-640. मी स्वतःला लई घामट समजत होतो. रात्रीचं लिटर बंद केलंय, झोप मात्र झकास लागते.

पण सातारा हिल हाफ मॅरेथॉनला काय करायचं? तिथे पाऊस, धुकं, गारवा, तहान लागतच नाही.

घाटवाट

साताऱ्यात राहतो म्हणून उत्तर देतो. यवतेश्वराच्या घाटात सुरुवातीला सगळा चढ, कासच्या दिशेला, आणि मग परत उतार. चढताना पाऊस अंगावर असतो म्हणून वाटतं घाम नाही, पण रेनकोट घालून चढणारे आतून भिजतात, हवेत दमटपणा एवढा की घाम वाळत नाही. तरी सांगतो, तहान नाही तर पिऊ नका, चढावर दोन-तीनदा घोट घ्या आणि वर वळल्यावर एकदा नीट प्या, उतारावर कुणाला प्यावंसं वाटत नाही, पोटात नुसतं डुचमळतं. आणि रेनकोट नको, भिजा. थंडी वाजणार नाही, चढ आहे.

रानजाई

अपडेट. कालचा रन 16 किमी, सव्वादोन तास, अलार्म बंद, बाटलीत लिंबू-मीठ-साखर. एकूण 800 मिली प्यायले. 58.3 चे 57.7. अंगठी आरामात निघाली, दुपारी झोपले नाही, उलट पुरणपोळ्या केल्या.

ग्रुपमधे दादांना हे सांगितलं तर ते म्हणाले इंटरनेटवर काहीही लिहितात. मी म्हटलं तुम्ही पण एकदा वजन करून बघा. बघूया. दोन जणींनी मात्र बाजूला घेऊन विचारलं, त्यांच्या पण अंगठ्या अडकतात म्हणे.

चिंगी

त्या दोघींना धाग्याची लिंक पाठव. आणि रानजाई, बाटली कसली घेतेस? मला कमरेचा पट्टा चालत नाही, सारखा वर सरकतो आणि पाणी खुळखुळतं.

रानजाई

अगं मी हातात धरायची घेते, पट्टी असते तळव्याला अडकवायला, 300 मिलीची, वाटेत एकदा भरते. पट्ट्याचं माझंही तेच झालं. पट्टा घ्यायचाच तर दोन छोट्या बाटल्यांचा घे, एक मोठी मागे असेल तर ती नाचते.

शिकागोकर

मऊ पिशवीसारख्या बाटल्या येतात, सॉफ्ट फ्लास्क. पाणी कमी झालं की आकसतात, त्यामुळे आवाज नाही. भरल्यावर उलटी धरून आतली हवा चोखून काढायची, मग मुळीच खुळखुळत नाही.

लिंबूटिंबू

एक बाळबोध प्रश्न, चहाचं काय? मी चहाशिवाय घराबाहेर पडूच शकत नाही आणि सगळे म्हणतात चहाने पाणी कमी होतं.

दवाखाना_बंद

एक कप चहाने काही कमी होत नाही, तो पाण्यातच धर. रोज पिणाऱ्याला तर नाहीच नाही. उलट पोट साफ व्हायला मदत, ज्याची रेसच्या सकाळी किंमत चिंगीला विचार. फक्त दूध जास्त घालू नकोस, पळताना घशाशी येतं.

लिंबूटिंबू

मग ठीक. कोरा घेतो आलं टाकून.